गच्चीला कुलूप! आता वाळवण कुठे घालायचं? (बडोदेकरांनो, इकडे या)

खारीवावची_लेक

बडोद्यातल्या मंडळींना सरळ प्रश्न: यंदा उन्हाळ्याची कामं कुठे करताय?

आमच्या सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय. अर्ध्या गच्चीवर सोलर बसलं, उरलेल्या अर्ध्या भागाचं वॉटरप्रूफिंग झालं आणि कमिटीचा निरोप आला की वर कोणी काहीही वाळत घालायचं नाही. साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, कुरडया, छुंद्याची बरणी, सगळंच बंद. बाल्कनीत ऊन येतं ते सकाळी थोडा वेळ. तेवढ्यावर कुरडई वाळत नाही.

मी वाढले खारीवाव रोडवरच्या वाड्यात. चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं की कामं सुरू व्हायची ती वैशाख संपेपर्यंत. आंबेडाळ आणि पन्ह्याच्या निमित्ताने बायका जमायच्या आणि तिथेच ठरायचं की सोऱ्या कोणाकडचा, चीक ढवळायला कोण, कोणाच्या घरी कधी. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ही कामं घरची म्हणतात, ती घरातल्या घरात कधीच होत नव्हती. गहू भरून देणारा दुकानदार, भिजवलेला गहू दळून देणारी घंटी (म्हणजे पिठाची गिरणी), खंडेराव मार्केटात कैऱ्या फोडून देणारे, मिरची कांडून देणारे, चिनीमातीच्या बरण्या विकणारे, एवढ्या लोकांचं पोट या दोन महिन्यांवर थोडंफार चालायचं. गच्ची बंद झाली की घरची कुरडई बंद, आणि पाठोपाठ घंटीवरचं ओलं दळणही बंद. याचं मला फार वाईट वाटतं आणि हे असंच होऊ द्यावं असं वाटत नाही.

तर सांगा: गच्ची नसलेले काय करता? मांजलपूर, वासणा, गोत्रीकडे कैरी कापून देणारे, मिरची दळून देणारे कोण आहेत? दुकानाचं नाव नको, खूण सांगा. आणि कमिटीला कोणी पटवलं असेल तर कसं?

---

रावपुरा_टॉवर

आमच्याकडे किल्ली वॉचमनकडे असते. चकल्यांचा पहिला डबा वॉचमनकडे जातो. बाकी काही विचारू नका.

---

मांडवीखालचा

कैरीपुरतं सांगतो. राजापुरी घ्यायला अजूनही खंडेराव मार्केटलाच जातो, आणि सकाळी लवकर. दहानंतर उरते ती चेपलेली. छुंद्याला कैरी मोठी, कडक, आत पांढरी हवी. पिवळट झालेली घेतलीत तर कीस गिजगा होतो. लोणच्यासाठी कोय धरलेली हवी, म्हणजे फोडीला कवच राहतं आणि वर्षभर ती मऊ पडत नाही.

तिथेच बाहेर कापून देणारे बसतात. फळीवर बसवलेला मोठा अडकित्ता, एका दणक्यात दोन भाग. घरच्या सुरीने हे होत नाही, बोटं जातात. माझे नेहमीचे काका कैरी हातात घेऊनच सांगतात, "आ छुंदानी नथी, आनी गोळकेरी करजो." (ही छुंद्याची नाही, हिचं गुळाचं लोणचं करा.) त्यांचं ऐकावं.

नवीन भागात: मांजलपूरला संध्याकाळच्या भाजीबाजारात मे महिन्यात एकदोन लारीवाले अडकित्ता घेऊन उभे असतात. कैरी त्यांचीच घ्यावी लागते.

---

वेदवती_७

खारीवावची_लेक, भावना पोचल्या. पण मी दुसरी बाजू मांडणार, राग मानू नका.

माझी आई शिक्षिका होती. शाळेतून आली की चीक ढवळायची. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, रात्रभर निवू द्या, वरचं पाणी ओता, मग तो चीक शिजवा. चुलीशी उभं राहून सतत ढवळायचं, नाहीतर गुठळ्या. बडोद्याच्या मेमधे, ४२ डिग्रीत. वडील आणि काका ओसरीवर बसून चीक-साखर-दूध खायचे आणि म्हणायचे, यंदा चांगला झालाय. आईची पाठ त्यातच गेली. "किती मजा यायची" हे आठवतं ते त्या वेळी मुलं असलेल्यांना.

मी सगळं विकत घेते. महिलांचे गृहउद्योग आहेत, त्यांच्याकडून घेते. त्यांना पैसे मिळतात, मला रविवार मिळतो. लिज्जतची सुरुवात १९५९ साली गिरगावातल्या सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन, इमारतीच्या गच्चीवरच केली ना? घरच्या फुकटच्या कष्टाला दाम मिळाला, तेव्हा कुठे त्याला किंमत आली.

---

अकोट्याहून

+१ वेदवती. आमच्याकडे पापड उत्तरसंड्याचाच. नडियादच्या अलीकडे गाडी थांबवायची, वर्षाचे पापड आणि मठिया भरायचे, घरी यायचं. तिथल्या पाण्याचाच गुण म्हणतात. घरचा उडदाचा पापड इतका पातळ लाटून दाखवा.

---

सेक्रेटरीकाका

एका सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून लिहितो. आम्हाला खलनायक करू नका.

सोलरच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका पट्टीवर सावली पडली, नुसती चादर फडफडत येऊन पडली, तरी त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज उतरते. ज्या मे महिन्यात तुम्हाला ऊन हवं, त्याच मे महिन्यात पॅनेललाही हवं असतं. शिवाय वॉटरप्रूफिंगवर खाटांचे पाय रुतले की पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल येते, आणि फोन मला येतो. मुलं टाकीवर चढतात ते निराळंच.

वाळवणाला माझा विरोध नाही. माझी बायकोही सांडगे घालते. विरोध आहे तो "गच्ची सगळ्यांची" म्हणत कोणीच जबाबदारी न घेण्याला. एका माणसाने लेखी मागितलं, कोण, कुठे, किती दिवस, नंतर झाडणार कोण, तर कमिटी नाही म्हणत नाही. निदान मी म्हणत नाही.

---

खारीवावची_लेक

सेक्रेटरीकाका, आभार. पॅनेलचं हे कोणी सांगितलंच नव्हतं, नुसतं "नाही" आलं. अर्ज लिहिते.

वेदवती, तुमच्या आईंचं वाचून गलबललं. ते अगदी खरं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि घरी करायचं असेल तर पुरुषांनी चिकाशी उभं राहिलंच पाहिजे. पण एक विचारते, ज्या बायका आपल्याला कुरडया विकतात, त्या तरी वाळवतात कुठे? त्यांनाही गच्ची लागते, ओलं दळून देणारी घंटी लागते. आपण पाकीट घेतो तेव्हा गच्चीचा प्रश्न मिटत नाही, तो त्यांच्या दारात जातो.

---

नवापुऱ्याची_ऑर्डर

खारीवाव ताईंनी नेमकं बोट ठेवलं म्हणून लिहिते. मी त्या "विकत" वाल्यांपैकीच. नवापुऱ्यात आमचं जुनं घर आहे, सासूबाईंनी सुरू केलेलं काम मी आणि जाऊ मिळून चालवतो. कुरडया, गव्हाच्या चिकाच्या पापड्या, उपासाच्या चकल्या, पोह्याचे पापड. ऑर्डरी होळीच्या आसपास घेतो.

तुम्हाला दिसतो तो भाव. त्यात गहू, गॅस, हात आणि ऊन असतं. ऊन फुकट नाही! शेजारच्या दोन गच्च्या आम्ही उन्हाळ्यापुरत्या मागून घेतो, त्यांना वर्षाचं वाळवण द्यायचं असतं. त्यातली एक इमारत पाडायला काढली आहे. पुढच्या वर्षी निम्मं काम कमी. ओल्या गव्हाच्या दळणाला एकच घंटी उरली, कारण ओलं दळलं की दगड धुवावा लागतो आणि तेवढ्यात त्यांची कोरडी चार दळणं होतात. ते त्याचे जास्त पैसे घेतात आणि ते बरोबरच आहे.

आणि दिवस थोडे असतात. एप्रिलचं ऊन कोरडं, मेच्या मध्यापर्यंत बरं. त्यानंतर खंभातच्या आखाताकडून दमट वारा लागतो, कुरडई वरून वाळलेली दिसते पण आतून ओली राहते, आणि श्रावणात बुरशी. म्हणून मेच्या शेवटी फोन करणाऱ्यांना मी नाही म्हणते. मला गिऱ्हाईक नको आहे असं नाही, माल खराब निघेल म्हणून.

एक करता येतं, ते आमच्याकडे काही घरं करतात. गहू तुमचा, मजुरी आमची. तुम्हाला गहू कोणता गेला ते कळतं, आम्हाला भांडवल घालावं लागत नाही. आणि ज्यांना यायचंय त्यांनी चीक खायला यावं. वाटी आपापली आणा. :)

---

वेदवती_७

नवापुरा ताई, असं कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. गहू घेऊन येते. व्यनि करते.

---

पुण्याला_दिलेली

मी चीक खायला येऊ का? पुण्याहून. रिझर्व्हेशन करू?

---

नागरवाड्याची_वहू

माहेर मराठी, सासर गुजराती, म्हणून दोन्हीकडचं वाळवण अंगावर! आमच्याकडे सासूबाई सारेवडे करतात. तांदळाच्या पिठाचं खीचु शिजवायचं: पाणी, पापडखार, जिरं, ओवा, हिरवी मिरची, पीठ घालून वेलण्याने घोटायचं आणि वाफ आणायची. मग गोळे दाबून पातळ सारेवडे. पण निम्मं खीचु वाळायच्या आधीच संपतं, वरून कच्चं तेल आणि मेथीचा मसाला घालून. मला वाटतं खीचु खायला मिळावं म्हणूनच सगळा घाट घालतात.

बाल्कनीवाल्यांसाठी:

उडदाचे पापड उन्हात घालूच नका, तडकतात आणि वाकडे होतात. घरात, पंख्याखाली, चादरीवर. अगदी शेवटी जरासं ऊन दाखवायचं. म्हणजे यांना गच्ची लागतच नाही.

बटाट्याचा कीस आदल्या रात्री पंख्याखाली पसरला तर सकाळपर्यंत पाणी बरंच गेलेलं असतं, मग बाल्कनीतलं थोडं ऊन पुरतं.

छुंदा काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत, दादरा (तोंडावर फडकं) बांधून, जिथे ऊन असेल तिथे. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी पश्चिमेच्या. बरणी हलते, खाट हलत नाही.

---

एडिसनवाला

अमेरिकेत छुंद्याची बरणी गाडीत ठेवतो. काचा बंद, डॅशबोर्डवर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर ऊन. जुलैत मस्त होतो. सहकाऱ्यांना वाटतं मी शास्त्राचा प्रयोग करतोय.

---

मांडवीखालचा

एडिसनवाले, बडोद्यात डॅशबोर्डवर ठेवलात तर दोन दिवसांत छुंद्याचा गुळांबा होईल.

---

स्वयंपाकाला_नवीन

छुंद्याचं नीट प्रमाण कोणी देईल का? आणि ऊनच का? गॅसवर पाक करून पटकन नाही होत का?

---

नागरवाड्याची_वहू

होतो. अर्ध्या तासात होतो. पण गॅसवर आच जास्त लागते, रंग तपकिरी होतो आणि पाक थोडा पुढे गेला तर गार झाल्यावर साखर बसते. उन्हात पाणी हळूहळू उडतं, कीस अख्खा राहतो, तार सुटी दिसते आणि रंग सोनेरी येतो.

एक किलो राजापुरीचा कीस असेल तर सव्वा ते दीड किलो साखर, कैरीच्या आंबटपणावर. किसाला मीठ-हळद लावून काही तास ठेवा, मग साखर. पहिल्या दिवशी घरातच, साखर विरघळेपर्यंत, अधूनमधून ढवळत. मग दादरा बांधून उन्हात. रोज सकाळी ठेवताना आणि संध्याकाळी आत घेताना कोरड्या चमच्याने ढवळायचं. आठ-दहा दिवसांत एकतारी पाक येतो. तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड अगदी शेवटी, पूर्ण गार झाल्यावर. आधी तिखट घातलंत तर उन्हात काळपट पडतं. साखर कमी करू नका. टिकतो तो साखरेवरच. मधुमेहवाल्यांनी थोडा खावा, पण कमी साखरेचा वर्षाचा छुंदा करायला जाऊ नये.

---

गोत्रीचा_जावई

विषयांतर करतो, माफी. रसात सुंठ घालायची की नाही? सासरी सुंठ-तूप घातल्याशिवाय वाटी पुढे येत नाही. माझं म्हणणं, केसर आंब्याच्या रसात काहीही घालणं म्हणजे अन्याय.

---

अकोट्याहून

सुंठ पाहिजेच. पोट बिघडत नाही. आणि सोबत बेपडी रोटली. दोन गोळ्या मधे तेल-पीठ लावून एकत्र लाटायच्या, भाजून सोडवायच्या. एवढी पातळ पोळी दुसरी नाही.

---

पुण्याला_दिलेली

आमच्याकडे मिरपूड-तूप. आणि रस हापूसचाच.

---

मांडवीखालचा

हापूसवाल्यांनी आपल्या धाग्यावर जावं. :) बडोद्यात केसर. गीरच्या पायथ्याचा, १९३४ साली जुनागढच्या नवाबांनी गराचा रंग बघून हे नाव दिलं, २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही रसाला केसरमध्ये थोडी पिकलेली राजापुरी मिसळतो. रस दाट होतो आणि पाहुणे किती आले याची चिंता राहत नाही.

---

गोत्रीचा_जावई

उत्तर मिळालं. सुंठ चालू, संसार चालू. धागा परत मिरचीवर न्या.

---

दक्षिणी_फळी

नेतो. मसाल्याचं: मार्चपासून ठिकठिकाणी मैदानात मंडप पडतात, लाल मिरच्यांचे ढीग, हळकुंडं, धणे. नव्या भागातल्या लोकांना याची खूण वेगळी सांगायला नको, लांबून शिंका येतात.

आमच्या घरचं ठरलेलं: रंगाला काश्मिरी, चवीला रेशमपट्टी, निम्मी-निम्मी. मिरची मोडून बघायची, कटकन मोडली पाहिजे. वाकली तर ओल आहे, वजनाचे पैसे जातील आणि तिखटाला जाळी धरेल. देठं काढायला तिथेच बायका बसलेल्या असतात. देठं काढून घ्या, त्यांची मजुरी द्या, घासाघीस करू नका. दळण समोर उभं राहून करून घ्या. घरी आणून पसरून गार करा, मग बरणीत मधे मधे हिंगाचे खडे घालून भरा.

आणि एक मनापासून. त्या मंडपातल्या माणसाकडून तीन वर्षं घेतलं की चौथ्या वर्षी तो स्वतःच सांगतो, "काका, आ वरसे हळदर मोंघी छे, ओछी लो." गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारा दुकानदार पाकिटावर छापून येत नाही.

---

रावपुरा_टॉवर

शेवटच्या ओळीला टाळ्या.

---

वेदवती_७

गंमत म्हणजे मिरचीच्या बाबतीत मी अशीच. तिखट मंडपातूनच, समोर दळून. कुरडईला मात्र इतकी वर्षं पाकीट. खारीवाव ताई, घरी करा हे मला अजून मान्य नाही, पण करणारी कोण, कुठे करते, ते माहीत पाहिजे हे पटलं. तुमच्या मुद्द्याला माझा एवढा होकार.

---

खारीवावची_लेक

तेवढा पुष्कळ आहे.

ताजी बातमी. अर्ज दिला. सेक्रेटरीकाकांनी सांगितलं तसं: नावं, जागा, दिवस, साफसफाई कोणाची. चार घरांच्या सह्या, त्यातली दोन गुजराती, एक मल्याळी (त्यांना कोंडाट्टम नावाच्या मिरच्या वाळवायच्या आहेत, ताकात भिजवून!). कमिटीने पॅनेलपासून लांबची उत्तरेकडची बाजू दिली, फक्त शनिवार-रविवार, १५ मेपर्यंत, खाट नाही, नुसत्या चटया. किल्ली सकाळी सातला घ्यायची, सूर्यास्ताला परत. टाकीकडचा जिना बंद ठेवायचा. दोन दिवसांत चकल्या होतील, कुरडया होणार नाहीत. म्हणून कुरडयांचा गहू नवापुऱ्याला पाठवतेय, मजुरी देऊन, आणि चीक ढवळायला माझ्यासोबत नवरा येतोय. त्याने स्वतःहून म्हटलं.

मल्याळी वहिनींनी विचारलंय की वर्षाचा गहू आपण कसा टिकवतो. एरंडेल लावतात एवढं मला माहीत आहे, पण किती?

---

सेक्रेटरीकाका

१५ मे ही तारीख चांगली धरलीत. नंतरचा वारा दमटच. आणि दुपारनंतर चटईवर सावली येते का ते जरा बघून घ्या, चटई सरकवा.

---

नवापुऱ्याची_ऑर्डर

गव्हाचं मी सांगते. आधी गहू निवडून एक कडक ऊन द्या, गार होऊ द्या. गरम गहू कोठीत भरला तर आत घाम येतो. मग एरंडेल तळहाताला घ्यायचं आणि गव्हात हात फिरवायचा. हात नुसता चिकट लागला पाहिजे, दाणा तेलकट दिसता कामा नये. दाण्यावर पातळ थर बसतो, किडा अंडी घालायला धजत नाही. दळायला तसाच द्यायचा. तुरीच्या डाळीलाही हेच, फक्त शिजवायच्या आधी ती गरम पाण्याने दोनदा धुवायची.

गहू भालिया मिळाला तर बघा, पोळीला आणि शिऱ्याला छान. कुरडयांना मात्र लोकवन पाठवा, त्याचा चीक पांढरा निघतो. येत्या मंगळवारपर्यंत पोचवा, बुधवारी भिजत घालते.